चापातला अर्ज

मित्रांनो, परीक्षेच्या दिवशी तुम्ही कागदाखाली जो टणक पुठ्ठा धरता, त्याच घराण्यातला मी एक जुना पॅड. वर स्टीलचा चाप, खाली सपाट अंग. माझ्या चापात एका वेळी जेमतेम चार कागद राहतात. त्यामुळे लांबलचक गोष्ट मला झेपत नाही. एक कागद लावायचा, भरला की काढायचा, पुढचा लावायचा. तसेच सांगतो. मध्येच एखादा कागद निसटला तर सांभाळून घ्या. चाप सैल झाला आहे आणि मीही थकलो आहे.

*कागद काढा. पुढचा लावा.*

माझा जन्म दाबाखाली झाला. लाकडाचा भुसा ओला केला, दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये घातला आणि असा दाबला की आपण कधी झाड होतो हेच तो विसरला. मग मला कापले, कडा घासल्या, चाप ठोकला. दुकानात मी बरेच दिवस पडून होतो, कारण माझा एक कोपरा उडालेला होता.

"कोपरा गेलाय ताई, दुसरा देतो," दुकानदार म्हणाला.

"राहू द्या. कोपऱ्यावर कोण लिहितं?" असे म्हणून शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका बाईंनी मला काखोटीला मारले.

त्या क्षणी माझे अवघे आयुष्य बदलले.

(समासात, लाल शाईने: 'अवघे आयुष्य' फार झाले. कारण लिही.)

ही समासातली टीप बाईंची नाही, माझीच आहे. वीस वर्षे बाईंच्या मांडीवर काढली की अशी खोड लागते.

*कागद काढा. पुढचा लावा.*

बाईंची शाळा मुले कमी झाली म्हणून बंद पडली. तेव्हापासून त्या घरातल्या पुढच्या खोलीत शिकवणी घेत. शुद्धलेखन, व्याकरण, निबंध. सकाळी सातला एक तुकडी, संध्याकाळी पाचला दुसरी. खाली चटई, भिंतीला खिळा, खिळ्याला मी.

त्या खोलीत एक नियम होता. लिहून झाले की मुलाने आपला कागद माझ्या चापात अडकवायचा. बाई मला मांडीवर घेत, लाल पेनाचे टोपण काढत आणि चापात असेल ते तपासत. वर नाव कोणाचे, ते बघत नसत.

"नाव शेवटी बघते," त्या म्हणायच्या. "आधी बघितलं की हात दयाळू होतो."

मुलांना हा नियम आवडायचा. मलाही. माझ्या चापात आलेला कागद म्हणजे सगळ्यांचा सारखा कागद.

पण मित्रांनो, थकवा काय असतो ते मला विचारा. तीच चूक दरवर्षी नवा गणवेश घालून येते. दरवर्षी चाळीस मुले लिहितात की त्यांची आई प्रेमळ आहे, आणि चाळीसजणांची आई सकाळी लवकर उठते. बाई प्रत्येकाच्या खाली लिहीत, 'तुझी आई वेगळी कशी, ते सांग.' पुढच्या आठवड्यात चाळीस आया पुन्हा लवकर उठत. बाईंच्या पेनाचा दाब माझ्या अंगावर उमटत गेला. तिरपा उजेड पडला की अजून दिसतो. वर बरोबरच्या खुणा, खाली फुल्या.

एकदा एक मूल निबंध वाचत असताना बाईंना बसल्या बसल्या डुलकी लागली. वाचणारे मूल थांबले. सगळ्यात बडबडी मुलगी होती, तिला सगळे पोपट म्हणत. तिने ओठांवर बोट ठेवले. चौदा मुले पाव तास गप्प बसली. बाई जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "हं, पुढे वाच." पुढे वाचले गेले. कोणी कधी तो विषय काढला नाही.

(समासात: प्रसंग चांगला. पण मुद्द्यावर ये.)

*कागद काढा. पुढचा लावा.*

मुद्दा म्हणजे काकू.

काकू रुग्णालयाच्या धुलाईघरात चौदा वर्षे कामाला. हात कोपरापर्यंत सुरकुतलेले, आवाज यंत्राच्या वर चढवायची सवय. एका संध्याकाळी त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, मोठ्या माणसांना शिकवता का? मी चौथीपर्यंत गेलेय. पाचवीच्या दारातनं परत आले."

धुलाईघरात देखरेखीची जागा निघणार होती. त्या जागेवरच्या माणसाला रोज अहवाल लिहावा लागतो. काकूंना कामाचा कण नि कण माहीत, पण कागद समोर आला की हात गोठे. आजवर तीन वेळा जागा निघाली आणि तीनही वेळा त्यांनीच काम शिकवलेल्या पोरी त्यांच्या डोक्यावर येऊन बसल्या. वय चव्वेचाळीस. पंचेचाळीसनंतर अर्ज घेत नाहीत.

त्या मुलांबरोबर चटईवर बसू लागल्या. पोपट त्यांची गुरू झाली.

"काकू, तुमची मात्रा घसरलीय," पोपट म्हणे.

"घसरू दे. धुतलेल्या चादरीसारखी वर ओढून घेते," काकू म्हणत, आणि खरेच ओढून घेत.

सात महिने गेले. फुल्या कमी झाल्या. मग तो अर्ज आला.

*कागद काढा. पुढचा लावा.*

एका माणसाला एकच अर्ज. एका बाजूला छापील रकाने आणि क्रमांक. दुसऱ्या बाजूला नुसत्या रेघा: 'आपल्या कामाविषयी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहा.'

काकूंनी कच्चा मजकूर तीनदा लिहिला. बाईंनी तीनदा तपासला. मग पक्का उतरवला, आणि अखेरच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्या तो घेऊन आल्या.

"तुमच्याकडे ठेवा बाई. घरी दोन पोरं नि एक नवरा, तिघेही चहा सांडण्यात पटाईत. उद्या कामावरून सुटले की घेऊन जाते."

"ठेव की," बाई म्हणाल्या. "पॅडलाच लाव. कुठे जाणार नाही."

काकूंनी छापील बाजू खाली, लिहिलेली वर, असा तो माझ्या चापात अडकवला. दोनदा ओढून बघितला. मी घट्ट धरला होता. मित्रांनो, मला त्या संध्याकाळी फार अभिमान वाटला. आजवर माझ्याकडे कागद तपासायला आले होते. सांभाळायला आलेला हा पहिलाच.

*कागद काढा. पुढचा*

नाही, हा कागद सरळ सांगतो.

रात्रभर बाईंचे गुडघे ठणकत होते, झोप अशी झालीच नव्हती; सकाळी डोळे पेंगत होते आणि पेन नुसते सवयीने चालत होते. सकाळी सातच्या तुकडीने त्याच अर्जावर तीन निबंध अडकवले. विषय होता 'आमच्या घरातल्यांचे काम'. बाईंनी मला मांडीवर घेतले. पहिला तपासला, मागे उलटला. दुसरा. तिसरा. चौथ्यावर पेन टेकले.

ओरडता येत नाही मला. चाप आवळून धरणे एवढेच येते. ते मी केले.

सात ठिकाणी लाल खुणा झाल्या. अर्जात एक वाक्य होते. कच्च्या मजकुरातून बाईंनी ते काढायला लावले होते, काकूंनी पक्क्यात गुपचूप परत घातले होते: 'कोणत्या वॉर्डात कोण बरे होत आहे हे मला चादरीवरून समजते.' त्यावर आडवी रेघ आली. बाजूला, 'विषयाला धरून नाही.' खाली, 'अक्षर सुधारले. शाब्बास. दहापैकी साडेसहा.'

मग सवयीप्रमाणे बाईंनी नाव शोधले; वर नव्हते म्हणून कागद उलटला, तर मागे अर्जाचे छापील रकाने.

पोपट विचारत होती, "बाई, पाणी देऊ?" बाई रकान्यातले काकूंचे नाव पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

*कागद काढा. पुढचा लावा.*

काकू साडेअकराला आल्या. बाईंनी मला तसेच त्यांच्यापुढे धरले.

काकूंनी वाचले. बराच वेळ वाचले.

"साडेसहा," त्या म्हणाल्या. "अर्धा कुठे कापलात?"

"अगं, मी... चापात होता म्हणून..."

"मी सांभाळायला दिला होता, बाई."

एवढेच. आवाज चढला नाही. यंत्रावर चढणारा तो आवाज अगदी खाली होता आणि म्हणून मला जास्त लागला.

रुग्णालयातली अर्ज घ्यायची खिडकी एकला बंद होणार होती. दोघी निघाल्या. मी काकूंच्या पिशवीत, अर्ज माझ्या चापात. बाई प्रत्येक पायरीवर थांबत होत्या आणि काकू पुढे जाऊन परत मागे येत होत्या.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट केला. "हे कोणी केलं?"

"माझी चूक आहे," बाई म्हणाल्या. "मी शिक्षिका. दुसरा अर्ज द्या, मी लिहून देते काय ते."

"दुसरा नाही मिळत, मावशी. आणि तुम्ही लिहून काय उपयोग? अर्ज यांचा." त्याने काकूंकडे एक कोरा कागद सरकवला. "खुलासा लिहा. स्वतः. वीस मिनिटं आहेत."

समोर बाक होता. काकूंनी कागद मला लावला. बाई शेजारी बसल्या आणि हलकेच म्हणाल्या, "मी सांगते, तू फक्त लिही. 'उपरोक्त विषयास अनुसरून'..."

"नको बाई."

"वेळ नाहीये गं, एखादी ओळ चुकली तर..."

"चुकू दे."

काकू लिहू लागल्या. असा दाब माझ्या अंगावर पूर्वी कधी पडला नव्हता. अक्षरे मोठी होती, एक ओळ वर चढली, एक उतरली. कुठे काय चुकले ते मला कळत होते. बाईंनाही कळले असते, पण काकूंनी मला छातीशी तिरपे धरले होते. लिहून झाल्यावर बाईंनी हात पुढे केला. सवयीनेच.

"हा नाही दाखवणार," काकू म्हणाल्या, आणि खिडकीकडे गेल्या.

कारकुनाने खुलासा वाचला. चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. दोन्ही कागद टाचले, शिक्का मारला, म्हणाला, "पुढे कोण?"

बाहेर आल्यावर बाईंनी विचारले, "काय लिहिलंस?"

"झालं ते."

"बरं." पायरी उतरून त्या म्हणाल्या, "हा पॅड तूच ठेव. माझ्याजवळ राहिला तर हात शिवशिवेल."

"आणि मुलं कशावर लिहितील?"

"वह्या आहेत की. आणि आता नाव आधी बघत जाईन."

*शेवटचा कागद.*

काकूंना जागा मिळाली. तात्पुरती. त्या तात्पुरत्या जागेला आता दोन वर्षे झाली. मी धुलाईघरात दारामागे टांगलेला असतो. वाफेने माझी कड फुगली आहे, चापाला गंज चढला आहे, आणि रोज एक अहवाल माझ्यावर लिहिला जातो. कालचा असा: 'तीन नंबर मशिन आतून करंट मारते. कोनी हात लावू नये. मी दारात बसून आहे.' त्यात एक अक्षर बाईंना खपले नसते. पण काल कोणी त्या यंत्राला हात लावला नाही, आणि सगळ्या पोरी संध्याकाळी आपापल्या घरी गेल्या.

मित्रांनो, माझे फार दिवस उरलेले नाहीत. तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा असेल तर त्याला ओल्या जागी टांगू नका, त्याच्या चापाला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. तुम्ही चुका काढायला शिका, ते चांगलेच आहे. बाईंनी जन्मभर तेच केले आणि कित्येकांना लिहिते केले. फक्त कोणी आपला कागद तुमच्या हाती दिला, तर पेन उघडण्याआधी त्या माणसाकडे बघून एकदा विचारा: हा तपासायला दिलाय, की सांभाळायला?