थांबवलेलं पाणी

कार्ड निवडताना घरात माझं कुणी ऐकलं नाही. मलकापूरची सून, तिला गंगावेशीसारख्या पेठेतलं काय कळणार? पण मला ते कार्ड पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं, आणि तसं मी तोंडावर सांगितलंही होतं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात आमचा टीव्ही बंद पडला. माझे यजमान, सम्राट, म्हणाले, नवा कशाला, कॉम्प्युटर आहेच की. त्याला टीव्ही ट्यूनर कार्ड बसवायचं आणि केबलची वायर खोचायची, झालं. आम्ही राजारामपुरीत शिवप्रसादच्या दुकानात गेलो. बरोबर सासरेही आले. हंबीरराव म्हणजे जुने पैलवान, दुधाचा धंदा, आणि स्वतःच्या शब्दाबाहेर जग नाही असा माणूस.

शिवप्रसादनं काचेवर दोन वस्तू मांडल्या. एक बाहेरून जोडायचा डबा, कॉम्प्युटर बंद असला तरी मॉनिटरवर चित्र दाखवणारा. दुसरं आत बसवायचं कार्ड. "ह्यात चालू टीव्ही थांबवता येतोय," तो म्हणाला. केबलवर कुस्ती लागली होती. त्यानं बटण दाबलं आणि उचललेला गडी हवेतच राहिला. आमचा चहा झाला, त्यानं पुन्हा बटण दाबलं, तेव्हा कुठं गडी खाली आपटला.

मामंजी लहान पोरासारखे हसले. "ह्येच घ्या. म्हशी थांबत न्हाईत, टीव्ही तरी थांबाय पायजे."

मी म्हटलं, डबा बरा, समोर चाललंय तेच दाखवेल. "तू गप गं," यजमान म्हणाले. निघताना शिवप्रसादनं स्क्रीनच्या कोपऱ्यातलं एक लाल बटण दाखवलं. "थांबवून परत चालू केलं की मागचंच दिसत ऱ्हातंय. ताजं बघायचं तर हे दाबायचं, वैनी." मामंजी तोवर दुकानाची पायरी उतरले होते.

त्यांनी एकच बटण शिकून घेतलं, कीबोर्डवरचं. धारेची वेळ झाली की थांबवायचं, बादल्या रिकाम्या झाल्या की तेच दाबून पुढं चालू. दोन महिन्यांत हाताला अशी सवय लागली की बघायचीही गरज उरली नाही.

मग पाऊस लागला आणि थांबायचं नाव घेईना. आमच्या दोन म्हशी घराच्या मागं असायच्या, बाकीच्या नदीकडच्या गोठ्यात. तिथं माझा दीर राजवीर राहायचा. गोठा तसा उंचावर होता. पण घराकडं यायच्या वाटेत ओढ्यावर एक फरशी होती, बुटका पूल. फरशी बुडाली की गोठ्याचं बेट होणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"म्हशी आत्ताच आणूया," मी म्हटलं.

"एकोणनव्वदला सुदीक फरशी बुडाली न्हाई," मामंजी म्हणाले. तो पूर त्यांच्या लेखी शेवटचा शब्द होता. त्यापेक्षा जास्त पाणी येणं म्हणजे जणू त्यांचाच अपमान. "आन् पेठंत बांधायच्या कुठं? आटत्यात म्हशी जागा बदलली की. राजवीरला सांगितलंय, मी फोन केल्याबिगर दावं सोडायचं न्हाई."

राजवीर बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. ह्याच बापानं त्याला पंचगंगेत म्हशीची शेपटी धरून पोहायला शिकवलं होतं. चंद्री नावाची म्हैस त्याची लाडकी, कपाळावर पांढरा चांद. पाण्यात ती पुढं आणि शेपटीला हा, हे ठरलेलं.

त्या दिवशी सम्राट सकाळपासून पेठेतल्या पोरांबरोबर लोकांचं सामान हलवायला गेले होते. लोकल केबलवाला फरशीवरच कॅमेरा लावून होता. मामंजी कॉम्प्युटरसमोरून हलले नाहीत. दुपार उलटल्यावर पाऊस जरा उघडून ऊन पडलं, तसे धारेला उठले. धार काढली, गिऱ्हाइकं आली, पुराच्या गप्पा रंगल्या. परत येऊन बसले आणि बटण दाबलं. फरशी कोरडी होती. बातमी सांगणारा पोरगा बूट घालून तिच्यावर उभा होता.

फोन वाजला. मामंजींनी स्पीकर लावला.

"आबा, सोडू का म्हशी? साप चढाय लागल्यात गोठ्यात. पाण्याचा आवाज बदललाय."

"फरशी कोरडी हाय. माझ्या डोळ्यांम्होरं हाय. गप बस."

"बरं, आबा."

मला काहीतरी खटकत होतं. काय चुकतंय ते मात्र सापडेना. थोड्या वेळानं पुन्हा फोन आला. राजवीरनं तेच विचारलं, मामंजींनी तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी नुसती खरखर आली आणि फोन तुटला.

मी देवापुढं सांजवात लावायला उठले. बाहेर अंधारून आलं होतं, रस्त्यावरचे दिवे लागले होते. वात पेटवली आणि मागं वळले, तर स्क्रीनवर लख्ख उजेड होता. तो पोरगा डोळ्यांवर हात धरून उभा होता. त्याच्या तोंडावर ऊन होतं.

मी स्क्रीनकडं बोट केलं.

"मामंजी, हितं दिवे लागले. तिथं ऊन कुठलं?"

त्यांनी माउस आणखी घट्ट धरला. त्यांना कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. मी त्यांच्या हातातून माउस ओढून घेतला आणि लाल बटण दाबलं.

ऊन गेलं. फरशी गेली. वाट गेली. बॅटऱ्यांच्या उजेडात नुसतं तांबडं पाणी पळत होतं आणि कुणीतरी ओरडत होतं, "जनावरं आली, जनावरं आली!" आमच्याच म्हशी होत्या. नुसती डोकी वर. गळ्यात कापलेली दावी लोंबत होती. राजवीरनं शेवटी बापाचा शब्द मोडला होता.

"सोडल्या गं त्यानं," मामंजी पुटपुटले. "शाणं माझं लेकरू."

एकेक म्हैस काठाला लागत होती. सगळ्यांत शेवटी चंद्री आली. कपाळावरचा चांद दिसला, मग पाठ दिसली. ती हळूहळू वळायला लागली. आता शेपटी दिसणार होती.

मामंजींचा एक हात माझ्या हातावर आला आणि दुसऱ्यानं त्यांनी ते एकच बटण दाबलं. चित्र थांबलं. अर्धी वळलेली चंद्री आणि तिच्यामागं पाणी.

"मामंजी, सोडा. बघू द्या."

त्यांनी माझं मनगट धरलं होतं. पैलवानाची पकड, किती वेळ झाला तरी सुटेना. कोपऱ्यातलं लाल बटण माउसच्या बाणापासून वीतभर लांब होतं.

"थांबू दे, पोरी," ते म्हणाले. "जरा थांबू दे."

आणि रस्त्यावरून सम्राटची हाक आली, "आबा! राजवीर आला का घरी? म्हशी एकट्याच आल्यात!"