खण दोनचा कागद

माझा धाकटा भाऊ पळपुटा नव्हता. हे मी कचेरीच्या दारातच सांगून टाकलं, उगाच पाल्हाळ नको. नौदलाच्या ज्या मालवाहू जहाजावर आम्ही दोघं युद्धात होतो, त्याचा इतिहास पुस्तकात छापायचा होता. मसुद्यात एक ओळ होती, की उत्तरेच्या बंदरातून एक खलाशी पळाला. त्याच ठपक्यापायी माझ्या भावजयीने, त्याच्या बायकोने, चाळीस वर्षं लोकांची बोलणी खाल्ली. परवा म्हणाली, आता छापून आलं की काळ्या दगडावरची रेघ. म्हटलं, चल माझ्याबरोबर.

इतिहास लिहिणाऱ्या बाई तरुण होत्या, पण बोलायला नीट. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लॉगबुकाप्रमाणे जहाज आधी उत्तरेच्या बंदरात गेलं, तिथल्या हजेरीत माझा भाऊ नव्हता, आणि दुसऱ्या मुक्कामी, बेटाला लागलेलं असताना, जहाजावर बॉम्ब पडले ते त्यानंतर. मी म्हटलं, अहो, मूळ लॉगबुक त्या बॉम्बमध्येच जळालं! कप्तानाने दवाखान्यात पडल्या पडल्या जुन्या हुकमावरून दुसरं लिहून काढलं. हुकूम तर माल भरायच्या आधीच बदलला होता, आधी बेट, मग उत्तर. पण खाली घाम गाळणाऱ्यांना विचारतो कोण?

मी खिशातून कागद काढला. जहाजाच्या पोटात मालाचे कप्पे असतात, त्यांना आम्ही खण म्हणायचो. मी मुकादम होतो. कुठला माल कुठे रचायचा, ते मीच कागदावर काढायचो. नियम एकच, शेवटी उतरवायचं ते आधी भरायचं. बाईंना दाखवलं, तळाला उत्तरेला द्यायची पिठाची पोती, वर बेटावर द्यायचे तोफगोळे. आधी उत्तरेला गेलो असतो, तर पिठासाठी चारशे पेट्या तोफगोळे धक्क्यावर काढून पुन्हा भरले असते होय? इतके खुळे आम्ही नव्हतो.

बाईंनी तारीख बघितली, पोत्यांवरून पेन्सिल फिरवली आणि मान्य केलं, बेट आधी. मग त्यांनी विचारलं, हा कागद इतकी वर्षं होता कुठे?

माझ्या ट्रंकेत होता. अशा कागदाच्या कोपऱ्यात कुठल्या खणात कोण उतरणार, ते लिहिलेलं असतं. खण दोनसमोर माझं नाव होतं. ते खोडून शेजारी धाकट्याचं लिहिलंय, अक्षर माझंच. बेटाला लागलो त्या सकाळी माझी दाढ ठणकत होती. म्हटलं, आज तू उतर खाली. तो उतरला, आणि तासाभरात बॉम्ब नेमका खण दोनवर पडला. त्याचं हाती काहीच लागलं नाही. तो बेटावरच्या बॉम्बमध्ये मेला, असं मी तोंडाने सगळ्यांना सांगत फिरलो. कागद मात्र दाखवला नाही. भ्याड कोणी असेल, तर तो मीच.

हे सगळं मी भावजयीकडे न बघता बोललो. तिने कागद ओढून घेतला आणि खोडलेल्या नावावर बोट ठेवलं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, तो तसाच राहिला.

"चाळीस वर्षं," ती म्हणाली, "एका दाढेपायी?"



तिने पदराने डोळे पुसले, कागद बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"लिहा. आधी बेट, मग आमच्या ह्यांचं नाव. लिहून झाल्याशिवाय मी उठत नाही. भाऊजींचं काय करायचं ते मी घरी बघते."