आभाळगाडीचं इंजिन

मित्रांनो, कूलर बंद पडला की घरची माणसं त्याला शिव्या घालतात. मला मात्र बंद पडण्याबद्दल टाळ्या मिळाल्या आहेत. फुशारकी मारत नाही, चाळीसगावात कुणालाही विचारा.

मी पत्र्याचा जुना कूलर. धुळ्याच्या एका कारखान्यात माझा पत्रा ठोकला, तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या बसवल्या आणि टेम्पोत घालून मला चाळीसगावला पाठवलं. वाटलं होतं, लग्नाच्या हॉलमध्ये वऱ्हाडाला वारा घालत आयुष्य जाईल. पण नशिबात अंतराळ होतं.

त्या हॉलमध्ये गिरधरभाऊ नावाचे एक हौशी गृहस्थ केबलवर दाखवायला 'आभाळगाडी' नावाची मालिका काढत होते. खानदेशातली चार माणसं उन्हाला कंटाळून यानात बसतात आणि थंड ग्रह शोधत फिरतात, अशी ती गंमत. यान पुठ्ठ्याचं, पोशाख चंदेरी प्लास्टिकचे. मे महिन्यात त्या पोशाखात माणूस घटकाभर उभा राहिला तरी चक्कर यायची, म्हणून मला बंद करायची सोय नव्हती. आणि माझा आवाज म्हणजे काय सांगू, पिठाची गिरणी बरी! पहिल्या भागात माणसांपेक्षा मीच जास्त ऐकू आलो. गिरधरभाऊंनी कपाळाला हात लावला, मग हसले आणि म्हणाले, "जाऊ द्या. हेच यानाचं इंजिन." मला निळा रंग दिला, दोन दिवे लावले, झालो इंजिन.

यानाची कप्तान होती लताबाई. बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान. माझी एक वायर ढिली होती, जोरात धक्का बसला की मी गप्प व्हायचो. एकदा ऐन चित्रीकरणात यानातली सगळी मंडळी एकदम बोलायला लागली. लताबाईने वैतागून माझ्या पाठीत चापट हाणली आणि मी बंद. सगळे चिडीचूप. त्या शांततेत माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हाऊ तरी मन्हं आयकस. तुमले कधी समजी?" बघणारे हसून हसून बेजार झाले. तेव्हापासून प्रत्येक भागात तिची चापट, माझं बंद पडणं आणि मग तिचं वाक्य. कितीतरी वर्षं आमची ही जोडी चालली. बाजारात लोक तिला कप्तान म्हणूनच हाक मारत. लताबाई म्हटलं तर ती वळतही नसे.

मग केबलचे दिवस सरले, मालिका बंद झाली, गिरधरभाऊही गेले. मला पहूरला त्यांच्या भावाच्या गोठ्यात नेऊन ठेवलं. माझ्या टाकीत शेळ्यांचा पाला राहू लागला. एका शेळीने तर माझ्या जाळीतलं गवतसुद्धा खाल्लं. वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण सांगायचं कुणाला?

यंदा एका दुपारी गोठ्याच्या दारात लताबाई उभी! केस पांढरे, आवाज तोच. पदर खोचून तिने माझ्यावरची धूळ झटकली आणि पालथ्या बादलीवर बसून सगळं सांगितलं. 'आभाळगाडी' परत सुरू होतेय, आता मोबाइलवर. गिरधरभाऊंचा मुलगा कुंदन ती काढतोय. हॉलमध्ये एसी आलाय, इंजिनाचा आवाज कॉम्प्युटरमधून येतो. लोकांना समोर बसवून एक भाग करून पाहिला, तर कुणी हसलंच नाही. तिची सगळी वाक्यं पडली.

"कुंदन म्हने, आते बी जमनं नही तर दिपमालाले कप्तान करसू," ती म्हणाली. "नवी पोरगी शे, गुनी शे. तिन्हासंगे मन्हं भांडन नही. पन कप्तान मी शे."

मला रडूच आलं असतं, पण टाकीत पाणी नव्हतं. मी मनाशी पक्कं ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, या बाईच्या चापटीला बंद पडायचंच.

लताबाईने मला टेम्पोत घालून चाळीसगावच्या हॉलवर नेलं. मला बघून कुंदनने नाक मुरडलं. "आत्या, हे भंगार कशाला आणलंत?"

"एक डाव लाई देख," लताबाई एवढंच म्हणाली आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या झुलालला बोलावून आली.

झुलाल मन लावून काम करणारा माणूस. त्याने गंज घासला, नवं गवत भरलं, पंख्याला तेल दिलं. "आता बघा आक्का, जन्मात बंद पडणार नाही," असं म्हणून त्याने हात पुसले. ती ढिली वायरही त्याने घट्ट बसवली होती. त्या बिचाऱ्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

लोक आले, हॉल भरला. एसी बंद करून मला लावलं. माझी घरघर सुरू होताच मागच्या खुर्च्यांवरून टाळ्या आल्या, ओळखीचा आवाज ना! यानातली मंडळी गलका करायला लागली. लताबाईने चापट मारली. मी चालूच. तिने दुसरी मारली. तरी चालूच. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून बंद पडायचं होतं आणि काही केल्या पडता येईना. पंखा आवरून धरावा म्हटलं, तर तो तेल पिऊन माजला होता. पडद्याआड कुंदनचा चेहरा उतरला. त्याच्या शेजारी दिपमाला ओठ चावत उभी होती.

लताबाईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यावर कोपर टेकवून ती लोकांकडे वळली आणि माझ्या घरघरीच्या वर आवाज चढवून म्हणाली, "आते हाऊ बी मन्हं आयकत नही. बरं व्हयनं. आजपासून मी बी कोन्हंच आयकत नही."

हॉल असा हसला की माझा मलाच आवाज ऐकू येईना. पुढचा सगळा भाग तिने तसाच ओरडत, खोकत, हाताने खुणा करत ओढून नेला. घसा बसला, पण थांबली नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की लोक माझ्या बंद पडण्याला हसतात. छे! ती बाईच तशी आहे.

शेवटी कुंदन पुढे आला. "चुकलं, आत्या. कप्तान तुम्हीच," म्हणाला.

बसक्या आवाजात तिने विचारलं, "मंग पुढला भाग कधी?"

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना थोडं तेल, थोडं पाणी आणि वर्षाकाठी नवं गवत मिळालं की आमचं भागतं. माणसांचं तेवढ्यावर भागत नाही. जुन्या माणसाचा सत्कार नंतर करा, आधी त्याला त्याचं काम द्या. लताबाईला स्वतःचीच जागा मागून घ्यावी लागली, ते मला अजून सलतं.