कोंबड्यांच्या नावाची सुकट

माझा नवरा रोहिदास कळंबच्या रिसॉर्टात झाडांना पाणी घालतो आणि संध्याकाळी तिथला उरलेला भात-पाव डब्यात भरून आणतो. तो डबा बघितला की माझं डोकं फिरतं. आमची काळी, म्हंजे आमची गावठी डुकरीण, मागच्या खेपेला याच भातावर ठेवली, तर तिचं दूध आटलं नि सगळी पिलं मेली. जनावरांचा डॉक्टर बोल्ला, "भातानं पोट भरतं, दूध बनत नाही. पिलं पाजणारीला प्रोटीन लागतं. पेंड घाला, मासळी घाला." रोहिदास हसला. "गावठी जात हाय, दगड खाऊन पण जगंल." मेलेली पिलं पुरायला मात्र मीच गेले.

यंदा काळी परत व्यायली. म्हटलं, आता एक पण मरू द्यायचं नाय. पेंड घ्यायची आमची ऐपत नाय, म्हणून कर्जतच्या बाजारात आयशाभाभीच्या सुक्या मासळीच्या दुकानात गेले. खाली सांडलेला जवळ्याचा भुगा, बोंबलांची मुंडकी ती झाडून टाकूनच देते. ती मागितली.

"कशाला गं मैना?" तिनं सरळ विचारलं.

आता त्या बाईला डुकराचं नाव कुठल्या तोंडानं सांगू? जीभ आपोआप वळली. "कोंबड्यांना, भाभी."

माझ्याकडं एक पण कोंबडी नाय. मुंगसानं ठेवलीच नाय.

सुकट पोटात गेली नि काळीला दूध उतरलं. पिलं अशी गुबगुबीत झाली की रोहिदासचं तोंड बंद. पण भाभीचा जीव मोठा, तोच माझ्या मुळावर आला. तिची लेक इल्मा बाळंतपणाला माहेरी आली होती. "तुझ्या कोंबड्यांची अंडी आण गं, माझ्या सुकटीवर पोसलेली." घ्या आता! मग दर बाजाराला शेजारीण धोंडी, तिच्याकडनं अंडी घ्यायची नि माझी म्हणून भाभीला द्यायची. वर भाभी म्हणायची, "चवच वेगळी." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सांगावं तर पिलांचं दूध तुटणार, नाय सांगावं तर खोटं वाढतंय.

मग मी तापानं पडले. बाजार चुकला, काळी पुन्हा भातावर आली नि पिलं कुरकुरायला लागली. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. भाभी स्वतः, हातात सुकटीची पिशवी.

"म्हटलं, कोंबड्या उपाशी असतील."

मी उठेपर्यंत पिलांना वास लागला. सगळी कुंपणाखालनं घुसून तिच्या पायाशी आली. तिनं बुरख्याची कड वर धरली नि मागं सरली.

"कोंबड्या कुठं आहेत?"

"नायत, भाभी."

"मग इल्माला घातली ती अंडी?"

"या शेजारच्या धोंडीची. चांगली होती, देवाशप्पथ."

"डुकरांना म्हणाली असतीस तर मी नाही म्हटलं असतं. ते तुला ठाऊक होतं, म्हणून मला फसवलंस." आवाज पण चढवला नाय. चढवला असता तर मी भांडले तरी असते. "आता डोळ्यांनी बघितलं. माझ्या हातानं आता नाही होणार गं."

धोंडी तमाशा बघायला अंगणात आलीच होती. भाभीनं पिशवी तिच्या हातात दिली. "घे, तुझ्या कोंबड्यांना."

रिक्षा गेली. पिलं काळीच्या पोटाला ढुसण्या मारत होती, दूध येत नव्हतं. मी लाज गिळून धोंडीच्या दारात गेले. थोडी तरी दे म्हटलं.

"नाय गं बाई," धोंडी बोल्ली. "भाभीनं कोंबड्यांसाठी दिलीय. डुकरांना घातली तर मी खोटी पडंन."

इतके दिवस मलाच अंडी विकून खुशीत होती, आणि आता हिला खऱ्याचं वेड लागलं. तिच्या कोंबड्या किडे खाऊन आधीच तुडुंब. तिनं पुढ्यात टाकलेली निम्मी सुकट पायानं मातीत उकरत होत्या.

मी तिथंच खाली बसले नि मातीतली मुंडकी पदरात वेचायला लागले. धोंडीनं अडवलं नाय. एका कोंबडीनं तेवढी हातावर चोच मारली.