वरच्या टप्प्यावर

एरानानं टेकडीवरच्या जुन्या गढीच्या खंदकात माजलेलं काटेरी झुडूप मुळासकट उपटलं, तेवढ्यात वरून हुइयाचं हसू ऐकू आलं. पाठोपाठ तुइहानामावशीही हसली. एरानाबरोबर चढताना मावशी कधी दोन शब्द बोलायची नाही; दम लागतो म्हणायची.

हुइया एरानाच्या दुसऱ्या मावशीची मुलगी. जन्मली, वाढली समुद्रापार ब्रिस्बेनला. इथं पूर्वजांच्या गावी येऊन तिला जेमतेम तीन दिवस झाले होते. शनिवारी गढीचं नवं लाकडी दार उघडायचं होतं. दारात उभं राहून पाहुण्यांना साद घालायची, मगच त्यांनी आत पाऊल टाकायचं. तो मान मावशीचा, पण यंदा तिचा गळा पार बसला होता. आता तो कुणाला, हे ती आज वर जाऊन पूर्वजांसमोर सांगणार होती. एराना अकरा वर्षं मावशीच्या मागं उभी राहून साद शिकली होती. आणि काल हुइयानं स्वयंपाकघरात सहज सादेचा सूर लावला, तर मावशीनं रताळी सोलायची थांबवून डोळे पुसले. अकरा वर्षांत एरानासाठी एक टिपूस नाही!

“आयत्या बिळावर नागोबा,” एराना पुटपुटली आणि चढू लागली.

मावशी शेवटच्या चढावर दम खात बसली होती. हुइया केव्हाच पुढं गेली होती. रताळी साठवायच्या जुन्या पेवांपलीकडे, समुद्राच्या बाजूला एक हिरवी खोलगट जागा आहे. तिथं पाटी नाही. पाटी लावली की फोटो काढणारे येतात. घरच्यांना मात्र ठाऊक असतं, की तिथं आपली माणसं पुरली आहेत आणि तिथं कुणी तोंड उष्टं करायचं नसतं.

एराना वर पोचली तेव्हा हुइया नेमकी तिथंच उभी होती, हातात तळलेल्या पावाची पुडी.

“एराना, ये ना गं! काय मस्त वारा आहे. इथं बसून खाऊ या? चालतं ना?”

एरानाच्या ओठांवर ‘नको’ आलं होतं. तिनं मान खाली घातली आणि बोटातला काटा काढत राहिली.

“बस की. न चालायला काय झालं?”

मावशी वर आली तेव्हा हुइयाच्या तोंडात घास होता. मावशी ओरडली नाही. तिनं हुइयाला दंडाला धरून उठवलं, बाजूला नेलं आणि कानात काहीतरी सांगितलं. हुइयाचा चेहरा खर्रकन उतरला.

“अगं बाई! पण मावशी, मी एरानाला...” ती अडखळली. मग एरानाकडे बघत म्हणाली, “वाऱ्यात तुला नीट ऐकू गेलं नसेल गं.”

एराना पुन्हा बोटातला काटा काढू लागली. मावशीनं दोघींकडे पाहिलं आणि पूर्वजांसमोर काही न सांगताच ती उतरू लागली.

खाली फाटकाशी नळ आहे. गढीवरून उतरलं की हात धुऊनच घरी जायचं. मावशीनं हुइयाच्या हातांवर, डोक्यावर पाणी शिंपडलं.

“झालं. जा, गाडीत बस.”

मग तिनं एरानाचे हात नळाखाली धरले ते सोडेचना.

“मावशी, झाले धुऊन.”

“नाही झाले. तिला ठाऊक नव्हतं, तिचं थोडक्यात भागलं.”

पाणी बर्फासारखं होतं. एरानाची बोटं लाल झाली.

“शनिवारी हुइया साद घालेल,” मावशी बसक्या आवाजात म्हणाली.

“आणि मी?”

मावशीनं नळ आणखी सोडला.

“तू आधी हात धू.”