चौथ्या कोपऱ्यातला गज

"नाहीये," कार्ला म्हणाली आणि चिखलाच्या बुटांसकट माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. "चौथ्या कोपऱ्यातला हद्दीचा लोखंडी गज नाहीच आहे, वर्ना. लोखंड शोधायचं यंत्र फिरवून फिरवून हात गळून आले. मग दोन फूट खणलं. माती कधी हललेलीसुद्धा नाही तिथली."

माझं टाइप करणं थांबलं. आतल्या खोलीत तिचे वडील, ऑरलिन, कॉफी पीत बसले होते, आणि मधलं दार नेहमीसारखं अर्धं उघडं होतं.

एकतीस वर्षं मी ऑरलिन नेस्टिंगन यांच्या जमीनमोजणीच्या ऑफिसात टाइपिंग केलं. माणूस असा की त्याच्याबद्दल चारचौघांत सांगावं असं काही नाही. रविवारी चर्च, शुक्रवारी तळलेला मासा आणि उरलेला जन्म दुसऱ्यांच्या शेतांच्या कडेने. दोन भाऊ बांधावरून हमरीतुमरीवर आले की हे काटेरी झुडपांत गुडघ्यांवर रांगून शंभर वर्षांपूर्वीचा दगड शोधून काढायचे आणि म्हणायचे, "कागद काय वाटेल ते म्हणू दे. पहिल्या मोजणीदाराने दगड ठेवला तिथेच हद्द." भाऊ मुकाट्याने घरी जायचे. बायकोशी हे गृहस्थ तेवढे तरी शब्द एका दमात कधी बोलले असतील का, याची मला शंका आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये हॅरल्ड ब्रेकीने त्याची सहा एकर जमीन विकली. तिचा नकाशा ऑरलिननी केला. खाली लिहिलं होतं, 'चारही कोपऱ्यांत गज बसवले', आणि त्यावर त्यांचा गोल शिक्का आणि परवान्याचा क्रमांक. हा शिक्का राज्य कोणालाही देत नाही. आधी दुसऱ्याच्या हाताखाली वर्षं काढायची, मग परीक्षा. एकदा उमटला की वरच्या प्रत्येक शब्दाला तुम्ही बांधलेले. आता घेणाऱ्याला कुंपण घालायचं होतं, म्हणून कार्ला त्याला कोपरे दाखवायला गेली होती. तीन सापडले.

"मग आत्ताच जा आणि ठोकून ये एक," मी हळूच म्हटलं. "जागा तुला ठाऊक आहे. कुंपण बरोबर येईल. कोणाच्या बापाचं काय जाणार आहे?"

"माझ्याच बापाचं," कार्ला म्हणाली. "खोट्यावर शिक्का त्यांचा आहे."

तिलाही परवाना मिळून चार वर्षं झाली होती. एका परवानेदाराला दुसऱ्याची अशी चूक सापडली, तर त्याने परवाने देणाऱ्या मंडळाला कळवायचं, असा आमच्या राज्याचा नियम आहे. न कळवणं हाही गुन्हाच.

"नियम करणाऱ्यांना मुली नसतात का गं?" मी चिडून विचारलं.

"कुठला कोपरा?" दारातून आवाज आला.

"ईशान्येचा, बाबा."

ऑरलिन कप हातात धरून उभे होते. मग म्हणाले, "तो मी शुक्रवारी करणार होतो."

कुठला शुक्रवार, हे कोणी विचारलं नाही. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, जॉइस गेली होती. त्यांची बायको.

आता मला बोलायलाच हवं होतं. बुधवारी तो नकाशा हॉस्पिटलात मीच नेला होता. सोमवारी व्यवहार होता आणि हॅरल्ड फोनवर फोन करत होता. ऑरलिन ओल्या बोळ्याने जॉइसचे ओठ पुसत होते. मी विचारलं, "चारही बसले ना?" त्यांनी मान हलवली. ती मला हलवली की जॉइसला, ते मी पाहिलं नाही. मी शहाणी! शिक्का शाईवर टेकवला आणि त्यांच्या हातात दिला.

"माझी चूक आहे ती," मी म्हटलं. "मंडळाला मी सांगते."

"तू हातात दिलास, वर्ना. उमटवला मी."

"बाबा, सुनावणीला आपण तिघं जाऊ," कार्ला म्हणाली. "आई कशी होती ते सांगू. डॉक्टरांचा कागद लावू. ताकीद देऊन सोडतील, परवाना नाही काढून घेणार."

"तुझ्या आईला त्यात ओढायचं नाही." ऑरलिनचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "मी खोटं लिहिलं. का, तर जॉइस मरत होती. असं सरकारी कागदावर कायमचं राहणार? तिचं नाव काय त्याच्यासाठी आहे? वर्ना, कागद घाल."

त्यांनी दोन ओळी सांगितल्या. गज बसवला नव्हता. परवाना परत करतो.

"कारण?" मी विचारलं.

"कारण लिहू नकोस."

कार्लाने स्वतःचं पत्र वेगळं लिहिलं. तिला तीन वेळा सही करावी लागली, कारण दोनदा शाई पसरली. दोन्ही पाकिटं मीच पोस्टात टाकली, आणि गाडीत बसून रडले. मंडळाने सहा आठवड्यांत ऑरलिनचा परवाना परत घेतला.

मेमध्ये कार्ला ऑरलिनना मदतीला घेऊन तो कोपरा करायला गेली. मीही गेले. माझं तिथे काही काम नव्हतं. हॅरल्ड त्याच्या उरलेल्या शेताच्या कुंपणाशी उभा होता. सवयीने म्हणाला, "काय ऑरलिन, इथेच ना?"

"मला नको विचारूस, हॅरल्ड. मला आता ते सांगता येत नाही. तिला विचार."

हॅरल्डने टोपी काढली आणि उगाच झटकत बसला.

कार्लाने जागा नक्की केली, गजाच्या डोक्यावर बसवायची, तिच्या परवान्याचा क्रमांक कोरलेली झाकणी खिशातून काढली आणि गज मातीत उभा धरला. ऑरलिननी हातोडा उचलला. हे काम मदतनीसाला करता येतं, परवानेदार समोर असला की झालं.

"मारू?" त्यांनी विचारलं.

कार्लाने मान हलवली.

"मानेने नाही, पोरी. तोंडाने सांग. त्याशिवाय मी मारणार नाही."

ती खाली बघत होती. तिने गज पुन्हा सरळ केला. ऑरलिन हातोडा घेऊन थांबून राहिले, आम्हीही थांबलो.

"मारा, बाबा," ती म्हणाली.