पांढऱ्या कपाळाची बाई

वाघ ओरडला तरी देवकी चुलीपासून उठायची नाही. आज मात्र ओढ्यातून साहेबाच्या घोड्याच्या टापा ऐकू आल्या आणि तिच्या हातातली पळी आमटीत बुडाली.

लाकडाच्या वखारीवरच्या गोऱ्या साहेबाला अमेरिकेतली जुनी चित्रं जमवायचा नाद. त्याच्या आजाच्या वेळची, दगडावर काढून कागदावर छापलेली, मग बायकांनी हातानं रंगवलेली. पावसाळ्यात बंगल्याला ओल धरते, म्हणून सहा चित्रांची पत्र्याची पेटी त्यानं देवकीच्या चुलीवरच्या माळ्यावर ठेवायला दिली होती. तिचा लेक कान्हू वखारीचा रखवालदार. "डाग पडला तर बिल्ला काढून घेईन," एवढं साहेबानं त्याला बजावलं होतं.

गौरीच्या दिवशी पेटीला पाणी सुटलं, म्हणून देवकीनंच ती उघडली. वरच्याच चित्रात फळांची टोपली घेतलेली बाई, आणि कपाळ पांढरं! घरात गौर बसलेली, आणि ही अशी? देवकीनं करंड्यात बोट बुडवलं नि टिळा लावून मोकळी झाली. काल साहेब येणार कळल्यावर ती पुसायला गेली, तर कुंकू पार भुवईपर्यंत पसरलं. मग ते चित्र तिनं सगळ्यांच्या खाली सारलं.

"आत्या, मी लावलं म्हणून सांगू?" सून फुला दाराआडून कुजबुजली.

"गप. तुला खोटं तरी धड बोलता येतंय व्हय?"

साहेबानं सोप्यावर बसून एकेक चित्र उचललं. सहावं हातात आलं आणि तो थांबला. कान्हूचा हात छातीवरच्या बिल्ल्याकडं गेला.

"हे कुणी केलं?"

देवकी चुलीपासून उठून पुढं आली.

"मी केलं, सायेब. तिकडं बायका रांगेनं बसून रंगवत्यात, एक नुसता तांबडा, दुसरी नुसता निळा, असं तुमीच कान्हूला सांगितलं न्हवं? तांबड्यावाली कपाळ इसरली हुती. ते मी भरलं."

साहेबानं भिंग काढलं आणि त्या कपाळावर वाकला. देवकीला आपल्याच कपाळावरून काहीतरी सरपटल्यासारखं झालं.

त्यानं पाच चित्रं पेटीत घातली. सहावं तिच्यापुढं टाकलं. "हे आता माझ्या कामाचं नाही." बिल्ल्याचं नाव न काढता तो घोड्यावर बसला.

"आये, वाचलो गं!" कान्हू म्हणाला.

"आज वाचलास. उद्या त्याला आठवलं तर?"

त्या दिवसापासून रोज सकाळी देवकी भिंतीवर लावलेल्या त्या चित्रातल्या बाईला कुंकू लावते. पण बोट उचलायच्या आधी ओढ्याकडं कान देते.